डॉक्टर, वैमानिक आणि बिगारी

व्यसनमुक्ती केंद्र म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र उभं राहतं: कामधंदा सुटलेला, घरातली भांडीकुंडी विकून मोकळा झालेला, रात्री गटाराच्या कडेला सापडणारा माणूस. आत मात्र सकाळच्या सभेला सतरंजीवर भलतीच मंडळी बसलेली असतात. भूलतज्ज्ञ डॉक्टर, बँकेचा शाखाधिकारी, कीर्तनकार, एसटीचा चालक, गणिताचा मास्तर, फौजदार आणि सेंट्रिंगच्या कामावरचा बिगारी. दाखल होताना मोबाइल, घड्याळ, पाकीट जमा झालेलं असतं, त्यामुळे कोण कुठला हे बोलणं सुरू झाल्यावरच कळतं. कळलं की नव्या माणसाच्या तोंडून हमखास निघतं, ‘अहो, तुम्ही इथं कसे?’ या प्रश्नात कुतूहल असतं, आपल्यासारखाच एवढा मोठा माणूसही घसरला याचा किंचित दिलासा असतो, आणि एक गृहीतकही असतं: काही धंद्यांतल्या माणसांनी इथं असणं स्वाभाविक, काहींनी असणं अघटित. बिगाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. व्यवसाय आणि व्यसन यांच्या नात्यावर गेल्या काही दशकांत जे हाती आलं आहे ते एकत्र मांडून पाहिलं, तर आपण नवल करतो ते चुकीच्या जागी, असं माझं मत झालं आहे. केंद्राच्या दारातून आत कोण येतं यात नवल थोडं. त्याच दारातून बाहेर पडल्यावर कोणाच्या वाट्याला काय येतं, तिथली तफावत मात्र थक्क करणारी आहे.

आधी साधं गणित. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू पितात आणि त्यांपैकी ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे, असं त्यात म्हटलं आहे. पावणेसहा कोटी हा आकडा एखाद्या वस्तीत किंवा एखाद्या थरात मावणारा नाही. तो प्रत्येक कचेरीत, प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक देवळाच्या विश्वस्त मंडळात पसरलेला असणारच. त्याच पाहणीतला दुसरा आकडा अधिक बोलका आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचं आढळलं, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला १८० मध्ये एक. म्हणजे केंद्रात जे दिसतात ते एका प्रचंड जमावातून कसेबसे गाळून आलेले लोक. त्यांच्यात कोण आहे यावरून व्यसन कोणाला लागतं याचा निष्कर्ष काढता येत नाही. कोणाला कोणी तरी आणून सोडलं, एवढंच त्यावरून कळतं.

मग व्यवसायाचा काही संबंधच नाही का? आहे, पण लोक समजतात तसा नाही. अमेरिकेच्या आरोग्य खात्यातल्या व्यसनविषयक संस्थेने २०१५ मध्ये उद्योगवार आकडे प्रसिद्ध केले. अतिरेकी मद्यपानात खाणकामगार १७.५ टक्क्यांनी सर्वांत वर, त्यांच्या खालोखाल बांधकामवाले १६.५ टक्के, आणि आरोग्यसेवा व समाजसेवेतले लोक ४.४ टक्क्यांनी सर्वांत खाली. इथं लोकसमज सुखावतो. पण त्याच देशात २०१६ मध्ये जवळपास तेरा हजार वकिलांची पाहणी झाली तेव्हा पाचातल्या एका वकिलाचं पिणं धोकादायक पातळीचं निघालं, आणि वकिलीच्या पहिल्या दहा वर्षांतल्यांत ते प्रमाण सर्वाधिक होतं. त्याआधी २०१२ मध्ये सात हजारांहून अधिक शल्यविशारदांच्या पाहणीत १५.४ टक्क्यांत दारूच्या गैरवापराची किंवा अवलंबित्वाची लक्षणं आढळली होती; पुरुषांत १३.९ टक्के, स्त्रियांत चक्क २५.६. या तिन्ही पाहण्यांची मोजपट्टी वेगवेगळी आहे. पहिलीत महिन्यातले पिण्याचे दिवस मोजले, बाकीच्या दोहोंत प्रश्नावलीला मिळालेली उत्तरं. शिवाय शल्यविशारदांतल्या बहुसंख्यांनी प्रश्नावली भरून पाठवलीच नव्हती. त्यामुळे खाणकामगार आणि सर्जन यांना एकाच तराजूत घालणं बरोबर होणार नाही. तरी इतकं म्हणता येतं की पांढरपेशा धंद्यांना व्यसनापासून कसलंही अभय मिळालेलं नाही.

व्यवसाय ठरवतो ते वेगळंच काही: हाताशी काय आहे, कामाच्या कोणत्या घटकेला ते लागतं, आणि ते किती काळ लपतं. मॅनहोलमध्ये उतरणारा सफाई कामगार किंवा शवविच्छेदनगृहातला कर्मचारी आधी दोन घोट का घेतो, हे त्या वासाजवळ पाच मिनिटं उभं राहिलेल्याला सांगावं लागत नाही. तिथं दारू हे कामाचं हत्यारच बनतं आणि मुकादमही काणाडोळा करतो. रात्रपाळीच्या ट्रकचालकाला जागं राहायचं असतं, बंदोबस्तावरून परतलेल्या हवालदाराला झोप हवी असते. कचेरीतली तंबाखू तर इतकी अंगवळणी पडलेली की तिला व्यसन म्हणायला कोणी तयार नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली, जिन्यातले कोपरे अजून लालच आहेत.

हाताशी असण्याचं टोकाचं उदाहरण भूलतज्ज्ञांचं. वैद्यकीय शाखांत हेच असे डॉक्टर, जे फेंटानिलसारखं औषध स्वतः मागवतात, स्वतः सिरिंजमध्ये भरतात, स्वतः टोचतात आणि स्वतःच नोंद करतात. इतरत्र या चार पायऱ्यांवर चार माणसं असतात. अमेरिकेत १९७५ ते २००९ या काळात भूलशास्त्राचं प्रशिक्षण घेतलेल्या ४४ हजारांहून अधिक निवासी डॉक्टरांचा मागोवा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणाच्या काळातच व्यसन उघडकीस आलेले ३८४ निघाले, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. पण त्यांतले २८ त्याच काळात मेले, आणि वाचलेल्यांत तीस वर्षांत पुन्हा घसरण्याची शक्यता ४३ टक्के धरावी लागली. अशा डॉक्टरची लक्षणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेली आहेत आणि ती वाचताना चमकायला होतं. तो जादा ड्यूटी आपणहून मागून घेतो. मधल्या सुट्टीला कोणी मोकळं करायला आलं तर नको म्हणतो. रजेच्या दिवशीही शस्त्रक्रियागृहात चक्कर टाकतो. उकाड्यातही लांब बाह्या. त्याच्या हातून भूल घेतलेले रुग्ण शुद्धीवर येताना इतरांपेक्षा जास्त कण्हतात, कागदावर मात्र वेदनाशामकाचा पुरा डोस दिलेला असतो. शेवटचं लक्षण सोडलं तर बाकीच्या वर्णनावर कोणताही विभागप्रमुख ‘उत्कृष्ट, कष्टाळू’ असा शेरा मारील.

प्रतिष्ठा इथं काम करते ती पडद्यासारखी. इतिहासातला गाजलेला दाखला विल्यम हॉलस्टेड यांचा. आधुनिक शस्त्रक्रियेच्या जनकांत त्यांची गणना होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या चार संस्थापक डॉक्टरांपैकी ते एक. १८८४ च्या सुमारास कोकेनने बधिरता आणण्याचे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले आणि कोकेन त्यांना चिकटलं. उपचारासाठी दाखल झाल्यावर ते सोडवताना मॉर्फिन आलं, आणि ते आयुष्यभर राहिलं. त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांना हे ठाऊक होतं. रुग्णालयाच्या आतल्या गोष्टींच्या टिपणात त्यांनी ते लिहूनही ठेवलं, पण ते टिपण मोहोरबंद झालं आणि १९६९ पर्यंत उघडलं गेलं नाही. तोवर हॉलस्टेड यांना जाऊन जवळजवळ अर्धशतक लोटलं होतं. सहकाऱ्यांनी त्यांना सांभाळून घेतलं म्हणून शस्त्रक्रियाशास्त्राला एक थोर गुरू लाभला, हे खरं. पण सांभाळणं आणि लपवणं यांत जो फरक हवा तो त्या काळी कोणाला करता आला नाही. अजूनही कित्येक रुग्णालयांत, कचेऱ्यांत, पोलीस ठाण्यांत ‘साहेबांचं जरा सांभाळून घ्या’ याचा अर्थ लपवणं असाच होतो. शिपायाच्या तोंडाला वास आला तर दुसऱ्या दिवशी मेमो. साहेबांसाठी गाडीची सोय.

खरं तर जगातली सर्वांत मोठी व्यसनमुक्तीची चळवळ अशाच दोन ‘अनपेक्षित’ माणसांतून उभी राहिली. १९३५ मध्ये ओहायोतल्या ॲक्रन गावी शेअर बाजारात काम करणारे बिल विल्सन आणि शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या परंपरेत १० जून १९३५ हा स्थापनादिन, कारण डॉ. बॉब यांनी शेवटचं मद्य त्या दिवशी घेतलं. तो शेवटचा घोट कसा होता? सकाळी त्यांना शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. हात स्थिर व्हावेत म्हणून बिल यांनीच त्यांना बियरची बाटली दिली. आजच्या कोणत्याही रुग्णालयात या प्रसंगावर चौकशी समिती बसेल, आणि ती बसायलाच हवी. पण चळवळीने पुढे जे तत्त्व धरलं ते याच जोडगोळीतून आलं: नाव अर्धंच सांगायचं, हुद्दा दाराबाहेर ठेवायचा. आपल्याकडे पुण्याच्या ‘मुक्तांगण’नेही हाच धागा पकडला. ब्राउन शुगरच्या लाटेवर अनिल अवचटांनी केलेलं ‘गर्द’वरचं लेखन, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेलं पाठबळ, आणि डॉ. अनिता अवचट यांची धडाडी यांतून १९८६ मध्ये येरवड्याला हे केंद्र उभं राहिलं. तिथं दाखल होणाऱ्याला रुग्णमित्र म्हणतात, आणि बरे झालेल्यांतूनच पुढे समुपदेशक घडतात. उलट दिशेचा प्रयोगही झाला आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९५६ पासून ‘गेस्ट हाउस’ नावाची संस्था फक्त कॅथलिक धर्मसेवेतल्या लोकांवर उपचार करते आहे. वैमानिक आणि डॉक्टर यांच्यासाठीही तिकडे वेगळे वर्ग आहेत. वेगळं ठेवल्याने माणूस लवकर बोलता होतो, सर्वांत मिसळल्याने त्याचा ताठा लवकर उतरतो. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. मला स्वतःला हा वाद दुय्यम वाटतो, कारण निकालाचा फरक पडतो तो केंद्रातल्या महिन्या-दीड महिन्यात नव्हे, त्यानंतरच्या वर्षांत.

त्या वर्षांबद्दलचा सर्वांत ठोस पुरावा डॉक्टरांचाच आहे. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत व्यसनी डॉक्टरांसाठी आरोग्य कार्यक्रम आहेत. त्यांची रीत ठरीव आहे. डॉक्टर आधी दोन-तीन महिने निवासी उपचार घेतो. मग सुमारे पाच वर्षांचा करार: रोज सकाळी फोन करून आज आपली पाळी आहे का ते पाहायचं, असेल तर त्याच दिवशी लघवीचा नमुना द्यायचा; गटसभांना हजेरी; कामाच्या जागी एक सहकारी लक्ष ठेवणार. करार पाळला तर परवाना शाबूत, मोडला तर वैद्यक मंडळाला कळवलं जाणार. अशा १६ राज्यांतल्या ९०४ डॉक्टरांचा पाच वर्षांहून अधिक काळ घेतलेला मागोवा २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. ज्यांचा निकाल कळू शकला त्या ८०२ पैकी ८१ टक्के डॉक्टरांनी उपचार पूर्ण केले आणि देखरेखीखाली काम सुरू केलं. या काम करणाऱ्यांपैकी पाच वर्षांत एकदा तरी तपासणीत सापडले ते फक्त १९ टक्के. पाच वर्षांअखेर त्या ८०२ पैकी ७९ टक्के परवान्यासह काम करत होते. व्यसनाच्या क्षेत्रात वावरणाऱ्याला हे आकडे परीकथेसारखे वाटतात, कारण एरवी वर्षभरात निम्म्याच्या आसपास लोक घसरले तरी केंद्रवाले त्याला ठीक म्हणतात.

वैमानिकांची गोष्टही हीच. अमेरिकेत १९७४ पासून ‘हिम्स’ या नावाने ओळखला जाणारा कार्यक्रम वैमानिकांची संघटना, विमान कंपन्या आणि सरकार मिळून चालवतात, आणि पाच हजारांहून अधिक वैमानिक त्यातून पुन्हा उड्डाणाला परतले आहेत. ८ मार्च १९९० रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या फार्गो ते मिनियापोलिस विमानाचे तिन्ही वैमानिक आदल्या रात्रीच्या दारूच्या अमलाखाली होते. कप्तान लाइल प्राउझ तुरुंगात गेले, परवाने गेले, आणि दूरचित्रवाणीवर त्यांची यथेच्छ टवाळी झाली. सुटल्यावर त्यांनी सगळे परवाने पहिल्या इयत्तेपासून पुन्हा मिळवले, त्याच कंपनीने त्यांना परत घेतलं, आणि निवृत्त होताना ते जम्बो जेटचे कप्तान होते. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. शिक्षा आणि परतीचा रस्ता या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत नांदू शकतात, याचं याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही.

इथं जाणता वाचक हरकत घेईल, आणि ती वजनदार आहे. डॉक्टर आणि वैमानिक बरे होतात कारण ते मुळातच शिकलेले, पैसेवाले, घरदार असलेले. कार्यक्रमाचं यात श्रेय काय? वर त्या डॉक्टरांची तुलना कोणत्या दुसऱ्या गटाशी केलेलीच नव्हती. हरकत अर्धी मान्य. पण उरलेल्या अर्ध्याचं उत्तर अशा लोकांकडून मिळतं ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हतं. बाल्टिमोरमध्येच केनेथ सिल्व्हरमन यांनी नव्वदच्या दशकापासून बेकार, गरीब, हेरॉइन-कोकेनच्या आहारी गेलेल्या लोकांसाठी ‘उपचाराची कार्यशाळा’ चालवली. संगणकावर माहिती भरण्याचं काम शिकवायचं, त्याचा मोबदला द्यायचा, अट एकच: त्या दिवशी कामावर शिरण्यासाठी नमुना स्वच्छ हवा. ज्यांना ही अट होती ते तुलनेच्या गटापेक्षा स्पष्टपणे अधिक काळ नशेपासून दूर राहिले. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की ही व्यवस्था थांबली की फरक पुसट होत जातो. दक्षिण डकोटा राज्यात २००५ पासून दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांना रोज सकाळ-संध्याकाळ फुंकर मारून चाचणी द्यायला लावली. सापडला की लगेच एखाद-दोन दिवस कोठडी. जिल्हावार आकडे तपासता दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दलच्या पुन्हा झालेल्या अटका १२ टक्क्यांनी आणि घरगुती मारहाणीच्या अटका ९ टक्क्यांनी घटल्या. हे साध्या लोकांचे आकडे आहेत. खानदान आणि पदवी यांचा हात असेलही, पण जवळ गमावण्यासारखं काही असणं, ते परत मिळण्याची खात्री असणं आणि कोणी तरी रोज विचारणारं असणं यांचा वाटा स्वतंत्रपणे दिसतो. एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेत नुसती देखरेख पुरत नाही. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखी औषधं मृत्यू कमी करतात आणि ती आधी मिळायला हवीत. डॉक्टरांच्या कार्यक्रमांनी ही औषधं बराच काळ जवळपास टाळलीच, आणि तो त्यांचा दोष मानला पाहिजे.

दोष आणखीही आहेत. पाच वर्षांचा करार हा बळजबरीचाच प्रकार, आणि तपासण्यांचा खर्च डॉक्टरच्याच माथी. २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्य लेखापरीक्षकांनी तिथल्या कार्यक्रमावर ठपका ठेवला, की चुकीचं निदान झालं तर दाद मागायला डॉक्टरला धड जागाच नाही. यावर उत्तर दाद मागण्याची सोय करणं हे आहे. ‘मनातून इच्छा असल्याशिवाय दारू सुटत नाही’ हा युक्तिवाद मात्र इथं टिकत नाही. आपल्या केंद्रांत भरती होणाऱ्यांपैकी कितीजण स्वेच्छेने येतात? बायको माहेरी निघून गेली, भावाने गाडीत कोंबलं, साहेबाने शेवटची संधी दिली. इच्छा पुष्कळदा आत आल्यावर, डोकं जरा निवळल्यावर उगवते. तिला उगवायला वेळ देणं एवढंच बाहेरचा दबाव करतो.

रुग्णाच्या जिवाचा मुद्दा याहून कठीण. व्यसनी सर्जनच्या हाती सुरी का द्यायची? प्रश्न रास्त आहे, फक्त त्याचा रोख ज्याचं व्यसन कोणालाच ठाऊक नाही त्याच्याकडे वळवायला हवा. अमेरिकेत एका फिरत्या वैद्यकीय तंत्रज्ञाने रुग्णांसाठीच्या फेंटानिलच्या सिरिंज स्वतःला टोचल्या आणि त्या पुन्हा भरून ठेवल्या. त्यातून अनेक रुग्णांना हेपटायटिस सी झाला. २०१२ मध्ये तो पकडला गेला आणि पुढच्या वर्षी ३९ वर्षांची शिक्षा झाली. तपासात निघालं ते हे, की आधीच्या रुग्णालयांत त्याचा संशय आला होता. तिथून त्याला गुपचूप काढून टाकलं गेलं, आणि तो पुढच्या राज्यात पुढच्या रुग्णालयात रुजू होत राहिला. ‘आपल्याकडून गेला, ब्याद गेली’ या धोरणाने रुग्ण वाचले नाहीत. देखरेखीखालचा डॉक्टर त्या इमारतीतला सर्वांत जास्त वेळा तपासलेला माणूस असतो.

मराठी नाटकाने ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती, आपण मात्र तिच्यातला वेगळाच धडा घेतला. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधला सुधाकर वकील आहे, हुशार आणि मानी. मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ हातची जाते, आणि त्या अपमानाच्या आगीवर तळीराम पहिला प्याला ओततो. त्याची बायको सिंधू हिच्या सोशिकपणावर रडण्यात प्रेक्षकांच्या पिढ्या गेल्या. पण शपथ घेऊन दारू सोडलेला सुधाकर नोकरी मागायला जातो आणि दारुडा म्हणून हिणवला जाऊन परततो, त्यानंतर जे घडतं ते नाटकातलं सर्वांत आधुनिक स्थळ आहे. सोडण्याची ताकद त्याच्यात होती. परत घेणारं कोणी नव्हतं.

आज आपल्याकडे चित्र काय? नागरी विमान वाहतूक महासंचालनालय उड्डाणाआधी श्वासाची चाचणी घेतं. पहिल्यांदा सापडला तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचा रद्द. अमली पदार्थांसाठी अलीकडे केलेल्या नियमांत मात्र पहिल्या वेळी व्यसनमुक्ती उपचारांकडे पाठवायची तरतूद आहे. एकाच खात्याच्या एका नियमात दंडुका आणि दुसऱ्यात दवाखाना. डॉक्टरांसाठी देशव्यापी म्हणावी अशी यंत्रणाच नाही. सगळं विभागप्रमुखाच्या मर्जीवर आणि माणुसकीवर. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून येणाऱ्या अवस्थांना मानसिक आजारात धरतो आणि मानसिक आजाराला विमा द्या असंही सांगतो, पण आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांच्या यादीत बाराव्या क्रमांकावर व्यसनावरचे उपचार ठाण मांडून बसले आहेत. स्त्रियांची गत याहून वाईट. त्या राष्ट्रीय पाहणीत पिणाऱ्या सतरा पुरुषांमागे एक स्त्री निघाली, त्यामुळे खाटा, वेळापत्रकं, समुपदेशनाची भाषा, सगळं पुरुषांसाठी. ‘मुक्तांगण’ला स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढायला २००९ उजाडावं लागलं. परिचारिका किंवा शिक्षिका दाखल झाली तर तिला विचारल्या जाणाऱ्या ‘तुम्ही इथं कशा?’मध्ये व्यवसायाच्या जोडीला बाईपणाचंही नवल मिसळलेलं असतं.

आणि बिगारी? त्याच्याकडे निलंबित करायला परवाना नाही, म्हणून त्याला परत द्यायलाही काही नाही, असं सहज म्हटलं जातं. ते तितकंसं खरं नाही. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला बांधकामाच्या खर्चावरचा उपकर घेतला जातो, तो राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जमा होतो, आणि वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणणाऱ्याची तिथं नोंद होते. मंडळाच्या योजनांत व्यसनमुक्ती उपचारासाठी काही हजारांच्या मदतीचं एक कलमही आहे. पण ती मदत केंद्राच्या बिलापुरती. दाखल असतानाच्या बुडालेल्या मजुरीचं काय, आणि बाहेर पडल्यावर सहा महिन्यांनी विचारणार कोण, याची सोय त्यात नाही. माथाडींची रचना तर याला अधिक सोयीची आहे. १९६९ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या मंडळांकडे कामगाराची नोंद असते, मजुरी मंडळामार्फत मिळते, काम टोळीने होतं आणि टोळीला मुकादम असतो. पाठीवर गोणी घेतलेला एकजण लडखडला तर मागचाही पडतो, त्यामुळे कोण पिऊन आलाय हे टोळीला कोणत्याही प्रयोगशाळेआधी कळतं. वैमानिकांच्या कार्यक्रमात लक्ष ठेवायला एक सहवैमानिक आणि कंपनीचा एक अधिकारी असतो. इथं टोळीतला एक जुना, दारू सोडलेला गडी आणि मंडळाचा एक निरीक्षक ते काम करू शकतील. मंडळाच्या वहीत त्याची जागा दीड महिना राखून ठेवायची, त्या काळातली अर्धी मजुरी घरी पोचवायची आणि पुढची दोन वर्षं आठवड्यातून एकदा फुंकर मारून घ्यायची, एवढा करार करायला नवा कायदा लागणार नाही. मंडळाचा एक ठराव पुरेल, आणि तो मांडायला एखादी युनियन तयार हवी.